सुटला की सोडला? मुंबईत ट्रॉमासाठी थेरपिस्ट शोधताना

2019च्या जुलैमधली सकाळ. फास्ट लोकल, दिवा स्टेशन मागे पडलेलं, पारसिकचा बोगदा यायचा होता. दारातल्या एका मुलीचा हात माझ्या हातात होता, आणि मग नव्हता. ती आमच्या ग्रुपमधली नव्हती, पण रोजची होती. डोंबिवलीला चढताना "ताई, जरा हात द्या ना" म्हणाली होती. पावसाने दोघींचे हात ओले होते. ती वाचली नाही.

यापेक्षा जास्त मी इथे लिहीत नाही. हे वाचणाऱ्यांत कुणी असं असेल, ज्याला आज यापेक्षा जास्त झेपणार नाही. आणि थेरपिस्ट शोधताना पहिल्या फोनवर तुम्हालाही यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी कितीतरी आधी फोन उचलला असता. मला वाटायचं, सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, म्हणून मी नंबर सेव्ह करून ठेवायचे आणि लावायचे नाही.

मला योग्य बाई सापडायला दीड वर्षाच्या वर लागलं. त्यातला बराचसा वेळ चुकीच्या दारांवर गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी, आपल्याला ट्रॉमा, म्हणजे अशा प्रसंगाचा मनावर झालेला घाव, झालाय हे कसं ओळखायचं? मला रडू येत नव्हतं, म्हणून मी बरी आहे असं घरी सगळ्यांना वाटत होतं. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले होते. मुंबईत हेच पाहिलं जातं. 26 जुलैच्या पुरानंतर, 2006च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर, दुसऱ्या दिवशी माणसं कामावर गेली आणि शहराचं कौतुक झालं. पण माणूस कामावर गेला याचा अर्थ तो सावरला असा होत नाही. पगार कापला जाऊ नये म्हणूनही माणूस जातो. माझ्याबाबतीत खरं काय चाललं होतं ते असं: लांब बोगदा टाळायला मी मुंब्र्यावरून जाणारी स्लो पकडायला लागले. रात्री तीनला जाग यायची आणि तळहात ओला आहे असं वाटून मी तो चादरीला पुसत बसायचे. मागून कुणी "ताई" म्हटलं की छातीत धस्स व्हायचं. आणि रस्ता ओलांडताना मुलाचा हात धरणं मी बंद केलं होतं. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. मी त्याला "माझ्या पुढे चाल" म्हणायचे.

नको असताना प्रसंग डोळ्यांसमोर येणं, स्वप्नं पडणं, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, सतत दचकणं, झोप उडणं, स्वतःला दोष देणं, माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं. असं महिनाभराहून जास्त चाललं आणि रोजच्या जगण्यात आडवं यायला लागलं, तर तो पीटीएसडी, म्हणजे पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, भयंकर प्रसंगानंतर जडणारा मानसिक आजार, असू शकतो. निदान तज्ज्ञ करतील, तुम्ही फक्त तपासून घ्यायला जा. आपल्याला स्वतःला खरचटलंही नसलं, नुसतं डोळ्यांनी पाहिलं असलं, तरी तो होऊ शकतो. हे ठासून सांगते, कारण "तुला कुठे काय झालं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. प्रसंग अगदी ताजा असेल, पहिले काही आठवडे असतील, तर बऱ्याच जणांचं आपोआप निवळतं. तेव्हा कुणाला जबरदस्तीने "बोल, बोल, मोकळी हो" करू नये.

टाळणं किती फसवं असतं तेही माझ्यावरून पाहा. 2020च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, लोकल बंद झाल्या आणि मला वाटलं, गेलं सगळं. सात महिने छान झोप लागली. मग 21 ऑक्टोबरपासून बायकांना ठरावीक वेळेत लोकलने जायची परवानगी मिळाली आणि पहिल्याच दिवशी मी स्टेशनच्या जिन्यावर बसून राहिले. मला उठताच येईना. बरी झालेच नव्हते मी, फक्त गाडी बंद होती.

आता कोण काय असतं ते. आपल्याकडे सगळ्यांना सरसकट "डॉक्टर" किंवा "काउन्सेलर" म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. तो औषध लिहून देऊ शकतो, आणि प्रिस्क्रिप्शनवर त्याचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. बहुतेकांनी त्यातलं एमफिल केलेलं असतं. ते औषध देत नाहीत. तपासणी आणि थेरपी करतात. त्यांचा आरसीआय क्रमांक मागा, नोंदणी आरसीआयच्या वेबसाइटवर पाहता येते. मागताना अवघडून जाऊ नका. चांगल्या माणसाला राग येत नाही, हा माझा अनुभव आहे. उलट ज्यांनी क्रमांक विचारल्यावर विषय बदलला, त्यांच्याकडे मी गेले नाही.

काउन्सेलरचं जरा वेगळं आहे. मानसशास्त्रात एमए करून, पुढे नीट प्रशिक्षण घेऊन उत्तम काम करणारे समुपदेशक मुंबईत पुष्कळ आहेत, आणि आठवड्याच्या शेवटी दोन दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. पाटीवरच्या "थेरपिस्ट" या शब्दावरून काही कळत नाही. तिथे दोनच प्रश्न महत्त्वाचे: ट्रॉमाच्या कुठल्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय, आणि तुमच्या कामावर वरिष्ठांची देखरेख, म्हणजे सुपरव्हिजन, आहे का.

पद्धतींची नावं तोंडपाठ करायची गरज नाही, पण कानावर असू द्या. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे त्या प्रसंगाभोवतीचे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी, हे एक मोठं कुटुंब. त्यातली प्रोलाँग्ड एक्सपोजर म्हणजे टाळलेल्या आठवणीकडे आणि टाळलेल्या जागांकडे, आधाराने, थोडं थोडं करत परत जाणं. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, सीपीटी, म्हणजे त्या प्रसंगावरून आपण स्वतःबद्दल आणि जगाबद्दल जी मतं पक्की करून बसलोय ती तपासणं. ही साधारण 12 सेशनची असते. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून थेरपिस्टच्या बोटांच्या हालचालीबरोबर डोळे डावी-उजवीकडे फिरवतात. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शापिरो यांनी ती पद्धत 1987मध्ये सुरू केली. ऐकायला विचित्र वाटते, पण जागतिक आरोग्य संघटनेने 2013च्या मार्गदर्शक सूचनांत ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी आणि ईएमडीआर दोन्ही सुचवल्या आहेत. भारतातल्या ईएमडीआर थेरपिस्टची संघटनाही आहे. "आम्ही सगळ्या पद्धती मिसळून करतो" एवढंच उत्तर मिळालं तर पुढे विचारा: माझ्यासारख्या माणसाबरोबर पहिल्या चार सेशनमध्ये नेमकं काय कराल?

माझं पहिलं दार म्हणजे ओळखीतून मिळालेला एक दवाखाना. सात मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून मिळाल्या, काय झालं ते अर्धंही ऐकून घेतलं नाही. गोळ्यांबद्दल माझा आकस नाही. सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीनसारख्या औषधांचा पीटीएसडीमध्ये अनेकांना उपयोग होतो, आणि थेरपीबरोबर ती घेण्यात कमीपणा नाही. पण अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्यांची सवय लागू शकते आणि पीटीएसडीवरचा इलाज म्हणून त्यांची शिफारस केली जात नाही. तुम्हाला त्या चालू असतील तर हे वाचून एकदम बंद मात्र करू नका. डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

दुसऱ्या दारात एक बाई म्हणाल्या, "देवाने तुम्हाला वाचवलं, त्याचे आभार माना, तिचं आयुष्य तेवढंच होतं." वर तासाभराचे पैसेही घेतले. घरी येऊन मी दोन दिवस बोलले नाही. अशी वाक्यं आली की उठायचं: विसरून जा, दुसऱ्यांचं यापेक्षा वाईट असतं, पाच सेशनमध्ये गॅरंटी. पहिल्याच भेटीत सगळा प्रसंग बारीकसारीक तपशिलासह सांगायला लावणं हीसुद्धा धोक्याची खूण आहे. थेरपिस्टने आधी तुम्हाला पाय टेकायला जागा करून द्यायला हवी. थेरपिस्टने तुमच्याशी मैत्री, पैशांचे व्यवहार किंवा लगट करायचा प्रयत्न केला तर ताबडतोब बंद करा. त्यात तुमची काहीही चूक नसते.

तिसरी माझी थेरपिस्ट ऑनलाइन होती. शिकलेली, सभ्य, मन लावून ऐकणारी. ती इंग्रजीत बोलायची. माझं इंग्रजी ऑफिसला पुरतं, म्हणून मीही इंग्रजीतच सांगायचे: "आय लेट गो ऑफ हर हँड." ती मान हलवायची. पाच सेशन झाली. काही बिघडलं नाही आणि काही हललंही नाही.

चौथ्या बाई ठाण्याच्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, हा प्रसंग का घडला असं तुम्हाला वाटतं ते एका कागदावर लिहून आणा. सीपीटीची सुरुवात अशी होते. मी मराठीत लिहिलं, पहिलीच ओळ: मी तिचा हात सोडला म्हणून ती गेली. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे परत दिला आणि विचारलं, "इथे तुम्ही 'सोडला' लिहिलंय. फोनवर तुम्ही मला म्हणाला होतात, हात सुटला. कुठलं झालं?"

मी त्या कागदाकडे बघत बसले. बाहेर भाजीवाल्याची हाळी ऐकू येत होती, "कोथिंबीर दहाला, दहाला." मी पेन मागितलं. "सोडला" खोडलं. मग पुन्हा लिहिलं. मग परत खोडलं. त्या तासात मी एवढंच केलं. पुढची सहा सेशन आम्ही त्या एका क्रियापदावरच काम केलं: हात ओला असताना, मागून तेवढा लोंढा असताना, एका माणसाच्या पंजाची ताकद किती असते, माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे: ज्या भाषेत तुम्ही रात्री तीन वाजता स्वतःला दोष देता, त्या भाषेचा थेरपिस्ट शोधा. मालवणीत देत असाल तर मालवणी कळणारा, घरी दखनी बोलत असाल तर ती कळणारा. डिग्री आणि प्रशिक्षण तर पाहाच, पण दोन सारख्या शिकलेल्या थेरपिस्टमधून निवडायचं झालं तर भाषेवर निवडा.

शोधायचं कुठे? पैशांची चणचण असेल तर महापालिकेची मोठी रुग्णालयं: परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलजवळचं नायर, जुहूचं कूपर. सरकारी जे. जे. आहेच. या सगळीकडे मानसोपचार विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. ओपीडीत गर्दी असते आणि पहिल्या दिवशी डॉक्टरांना फार वेळ देता येत नाही, म्हणून एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून न्या: कधी घडलं, काय त्रास होतो, किती दिवस, सध्या कुठली औषधं. आणि स्पष्ट विचारा, "मला इथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे थेरपीसाठी पाठवाल का?" विचारल्याशिवाय बऱ्याचदा नुसत्या औषधावर परत येणं होतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, आयपीएच, आहे. मराठीत बोलायचं असणाऱ्यांना तिथे अवघडल्यासारखं होत नाही. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे. मारहाण, लैंगिक अत्याचार, नवऱ्याचा किंवा सासरचा छळ असं काही असेल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं दिलासा केंद्र बायकांसाठीच आहे. आता महापालिकेच्या इतर काही रुग्णालयांतही तशी केंद्रं आहेत. अशा वेळी नवऱ्याबरोबर जोडप्याचं समुपदेशन आधी करू नका, आधी स्वतःची सुरक्षितता.

मोठ्या कंपनीत असाल तर एचआरला विचारा. बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांना मोजकी सेशन मोफत मिळतात. आमच्या ऑफिसात ती सोय होती आणि मला चार वर्षं पत्ता नव्हता. विम्याचंही पाहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017मध्ये आला, आणि त्यानुसार मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच विमा संरक्षण मिळायला हवं. पण बऱ्याच पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, दर आठवड्याच्या सेशनचे नाही. कागद नीट वाचा. त्याच कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. तुमच्या जिवाला किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असला तर अपवाद होऊ शकतो. आणखी एक अपवाद पालकांना माहीत असावा: 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानुसार थेरपिस्टला ते पोलिसांना कळवावंच लागतं. बोलण्याआधी विचारून घ्या की पुढे काय काय होईल, म्हणजे धक्का बसणार नाही.

वेळ आणि जागा या क्षुल्लक गोष्टी नाहीत. मी पहिल्यांदा संध्याकाळी सहाची वेळ घेतली आणि सेशन संपल्यावर ठाण्याला गर्दीची गाडी पकडली. मूर्खपणा म्हणणार नाही, मला कळतच नव्हतं. सेशननंतर माणूस पिळून निघतो. शनिवारी सकाळची वेळ घ्या, नंतर अर्धा तास कुठेतरी बसायला ठेवा. मी तलावपाळीला बाकावर बसायचे, शेंगदाणे खायचे आणि मग निघायचे. ज्या गोष्टीने त्रास होतो तीच ओलांडून जावं लागत असेल, तर सुरुवातीची सेशन ऑनलाइन मागा. आपल्या घरांत खोली कुठे असते? मी सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून दोन सेशन केली. पार्क केलेल्या गाडीत बसून करणाऱ्या बायकाही मला माहीत आहेत.

घरच्यांना किती सांगायचं ते तुमच्या हातात आहे. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली होती, मीठ-मोहऱ्या ओवाळून. मी ते प्रेमाने करू दिलं आणि शनिवारी ठाण्यालाही गेले. नवरा म्हणाला, "किती दिवस चालणार हे?" त्याला मी खरं उत्तर आणून दिलं: बाई म्हणाल्यात साधारण तीन-चार महिने, आणि सहाव्या सेशनला आम्ही बसून पाहणार की फरक पडतोय का. तुम्हीही पहिल्याच भेटीत ही तारीख ठरवून घ्या. फरक नसेल तर बदल मागा. थेरपिस्ट बदलणं म्हणजे कृतघ्नपणा नाही. मधल्या आठवड्यांत थोडं जास्त वाईट वाटू शकतं, ते मात्र सांगून टाका, न जाणं करू नका.

आणि मरून जावं असे विचार येत असतील तर थेरपिस्ट शोधत बसू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. नाहीतर कुणाला तरी बरोबर घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, रात्री दोनलासुद्धा.

चौथ्या वेळी मी आधी फोन न करता मेसेज पाठवला होता, कारण बोलताना घसा बंद व्हायचा. तीन ठिकाणी पाठवला, दोन ठिकाणांहून उत्तर आलं, त्यातल्या एक ठाण्याच्या बाई. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. जसाच्या तसा देते, तुमचं त्यात भरा:

"नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, वय 39. दीड वर्षापूर्वी लोकलमधला एक अपघात जवळून पाहिला. तेव्हापासून झोप लागत नाही, गाडीत बसता येत नाही, स्वतःचा राग येतो. आत्ता मेसेजमध्ये तपशील सांगू शकत नाही. मला मराठीत बोलायचं आहे. तुम्ही ट्रॉमाच्या लोकांबरोबर काम करता का, कुठली पद्धत वापरता, नोंदणी क्रमांक काय आणि एका सेशनचे किती घेता, हे कळवाल का? शनिवारी सकाळची वेळ जमेल. फोन केलात तर दुपारी दोन ते अडीचमध्ये करा, तेव्हा मी एकटी असते."